३१ डिसेंबरची रेषा: पोहण्याच्या शर्यतीत जन्ममहिना काय करतो?

हा एपिसोड ऐकणाऱ्यांपेक्षा वाचणारे जास्त असतील असा माझा अंदाज आहे. यात आकडे बरेच आहेत, आणि गाडीवर मागे बसून ऐकलेले आकडे डोक्यात राहत नाहीत. म्हणून नेहमीप्रमाणे बोललेलं सगळं लिहून काढलंय, 'अं' आणि 'म्हणजे' गाळून. सगळे 'म्हणजे' काही गळलेले नाहीत, तेवढं सांभाळून घ्या.

विषय आहे जन्ममहिना आणि पोहण्याच्या स्पर्धा. आता जन्ममहिना म्हटलं की आपल्याकडे लगेच रास, नक्षत्र, पत्रिका सुरू होतं. तसलं काही नाही. जानेवारीतल्या पोराचे ग्रह चांगले असतात म्हणून तो पुढे येत नाही. तो पुढे येतो कारण डिसेंबरवाल्यापेक्षा तो अकरा महिने जास्त जेवलेला असतो. गोष्ट एवढीच आहे. पण या एवढ्याशा गोष्टीमुळे किती पोरं तेराव्या-चौदाव्या वर्षी 'आपल्याला जमत नाही' म्हणून तलाव सोडतात, हे कळल्यावर मला दोन रात्री झोप नाही आली. आणि माझ्या घरातच त्यातलं एक पोरगं आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

आधी रेषा समजून घेऊ. मुलांच्या स्पर्धा वयोगटात होतात आणि वयोगट म्हटला की कुठेतरी तारखेची रेषा मारावी लागते. पोहण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमात ज्युनिअर खेळाडूचं वय ३१ डिसेंबरला किती भरतं ते बघतात. थोडक्यात, जन्मसाल हाच गट. आपल्या शालेय स्पर्धांतही तेच: 'अमुक सालच्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेला' असं परिपत्रकात असतं. आता एकाच सालातली दोन पोरं घ्या. एक २ जानेवारीचा, दुसरा २८ डिसेंबरचा. कागदावर दोघं एकाच वयाचे. प्रत्यक्षात एक जण दुसऱ्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. तिशीतल्या दोन माणसांत एक वर्ष म्हणजे काहीच नाही. अकरा-बारा वर्षांच्या पोरांत एक वर्ष म्हणजे अख्ख्या आयुष्याचा बारावा हिस्सा.

शरीराच्या भाषेत सांगायचं तर वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. वाढीचा झपाटा आला की मुलींची उंची वर्षाला आठेक आणि मुलांची नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. मुलींत हा झपाटा सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास जोरात असतो, मुलांत चौदाव्याच्या. आणि पोहणं हा असा खेळ आहे की उंची, हाताची लांबी, पंजा, खांद्यातली ताकद, सगळं थेट वेळेत उतरतं. लांब शरीर पाणी सहज कापतं, लांब हात एका वल्ह्यात जास्त पाणी मागे ढकलतो, सूर मारताना जास्त लांब जाता येतं, भिंतीला पाय लावून वळताना जास्त जोर मिळतो. शेवटी भिंतीला हात टेकवायचा असतो, तिथेही लांब हाताचा आधी टेकतो. कबड्डीत बारकं पोरगं चपळाईने सुटून जातं. पाण्यात सुटून जायला जागा नाही, पाणी सगळ्यांना सारखंच अडवतं.

याला अभ्यासात 'रिलेटिव्ह एज इफेक्ट' म्हणतात, मराठीत सापेक्ष वयाचा परिणाम म्हणू. ही गोष्ट जगापुढे नीट आली ती पोहण्यातून नाही, आइस हॉकीतून. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली एका ज्युनिअर सामन्याला गेले होते. त्यांच्या पत्नी पॉला माहितीपत्रक चाळत होत्या, त्यात खेळाडूंच्या जन्मतारखा होत्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की जानेवारी, फेब्रुवारी, मार्चवाल्यांची नुसती रांग लागलीय. कॅनडाच्या हॉकीची रेषा १ जानेवारीची. बार्न्सलींनी मग आकडे तपासले आणि १९८५ मध्ये शोधनिबंध आला. पुढे २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेलच्या 'आउटलायर्स' पुस्तकामुळे ती जगभर पोचली. तुमच्यापैकी काहींनी रीलमध्येही ऐकली असेल. रीलमध्ये साधारण 'जानेवारीत मूल जन्माला घाला' एवढंच सांगतात. तेवढ्यावर थांबलं तर मोठी फसगत होते, का ते सांगतो.

हॉकीत, क्रिकेटमध्ये निवड समिती असते. माणसं बघतात, माणसांना मोठं, दणकट पोरगं भारी वाटतं, म्हणून त्यांच्या डोळ्यांना दोष देता येतो. पोहण्यात तसं नाही. तिथे घड्याळ आहे. शेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतं, कुणाचा भाचा, कुणाचा पुतण्या बघत नाही. म्हणून मला सुरुवातीला वाटलं होतं की पोहण्यात हा परिणाम कमी असेल. तसं नसतं. घड्याळ खरंच बोलतं, पण आपण त्याला विचारतो एक आणि ते सांगतं दुसरंच. आपण विचारतो, 'यातला चांगला पोहणारा कोण होईल?' घड्याळ सांगतं, 'आज कोण लवकर पोचलं.' आजच्या वेळेत सराव आहे, अंगचं कौशल्य आहे आणि आतापर्यंत झालेली वाढही आहे. तिन्ही एकाच आकड्यात कालवलेलं. वरण, भात आणि तूप एकदा कालवलं की तूप किती होतं ते ताटात बघून कळत नाही.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीअर, त्यामुळे हात शिवशिवायला लागले की पायथन उघडतो. एक खोटं-खोटं जग बनवलं. त्यात एकाच सालची एक लाख मुलं, जन्म वर्षभर सारखे पसरलेले. अंगचं कौशल्य सगळ्यांना चिठ्ठ्या टाकून वाटलं, महिन्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. १०० मीटरची सरासरी वेळ धरली ८० सेकंद, आणि कौशल्यामुळे साधारण दोन तृतीयांश मुलं या सरासरीच्या चार सेकंद इकडे-तिकडे पडतात असं धरलं. मग फक्त एक गोष्ट घातली: वर्षभराच्या वाढीने वेळ चार सेकंदांनी कमी होते. हे आकडे माझ्या गृहीतातले आहेत, कुठल्या तलावावर मोजलेले नाहीत. आता यातल्या सर्वांत वेगवान १० टक्के मुलांना निवडलं आणि त्यांचे महिने मोजले.

निवडलेल्या दर १०० मुलांत जानेवारी ते मार्चवाले सुमारे ४२. एप्रिल ते जून २८. जुलै ते सप्टेंबर १८. ऑक्टोबर ते डिसेंबर फक्त ११. खरं तर प्रत्येक तिमाहीतून २५ यायला हवे होते, कारण कौशल्य मीच सारखं वाटलं होतं! म्हणजे कुणीही लबाडी केली नाही, कुणी वशिला लावला नाही, घड्याळ अगदी चोख होतं, आणि तरी वर्षाच्या शेवटी जन्मलेल्या गुणी पोरांपैकी निम्म्याहून जास्त चाळणीतून खाली गळली. ही पोरं आळशी नव्हती. माझ्या प्रोग्राममध्ये आळस नावाचा व्हेरिएबलच नव्हता.

बरं, हे झालं माझ्या लॅपटॉपमधलं. खऱ्या तलावात काय होतं? स्टीफन कॉबली आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वयोगट जलतरण स्पर्धेतल्या २००० ते २०१४ या काळातल्या ६०१४ जलतरणपटूंच्या जन्मतारखा तपासल्या. वय १२ ते १८. मुलांमध्ये बारा ते पंधराव्या वर्षापर्यंत आणि मुलींमध्ये बारा ते चौदाव्या वर्षापर्यंत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचं पारडं स्पष्ट जड. मग ते हळूहळू हलकं होत गेलं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी फरक जवळपास मिटला. आणि आता जीव मुठीत धरून ऐका: सतरा-अठराव्या वर्षी पारडं उलटं झालं. तिथे उशिरा जन्मलेले जास्त दिसायला लागले.

रीलवाल्यांचं घोडं इथेच पेंड खातं. जानेवारीचा फायदा कायमचा नाही, तो उसना आहे. सगळ्यांची वाढ पूर्ण झाली की तो परत करावा लागतो.

पण उलटं का व्हावं? फार तर बरोबरी व्हायला हवी ना? याची दोन उत्तरं दिली जातात. एक असं की लहानपणी अंगाच्या जोरावर जिंकता येत नाही तेव्हा पोरगं नाइलाजाने तंत्र शिकतं: श्वास कधी घ्यायचा, कोपर कसा उंच ठेवायचा, वळताना कुठे वेळ वाचतो. पुढे अंग भरलं की तंत्र आणि ताकद दोन्ही त्याच्याकडे. याला काही जण 'अंडरडॉग' म्हणतात. मला मनापासून पटतं ते दुसरं, जरा रुक्ष उत्तर. डिसेंबरचं जे पोरगं बाराव्या वर्षी चाळणीतून वर राहिलं, ते मुळातच भारी असणार, नाहीतर अकरा महिन्यांचा तोटा सोसून ते टिकलंच नसतं. जानेवारीचं पोरगं मात्र मध्यम असूनही टिकलेलं असू शकतं. पुढे वाढीचा फायदा संपला की दोघांची खरी किंमत दिसते. म्हणजे सतरा-अठराव्या वर्षी दिसणारे ते डिसेंबरवाले गाळून उरलेले आहेत. जे गळले त्यांचं काय झालं, ते त्या यादीत नाही. यादीत फक्त तलावावर राहिलेल्यांची नावं असतात.

मोठी नावं काढून बघायचा मोह मलाही झाला. आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे २९ ऑगस्ट १९९१ चा. बीजिंग ऑलिम्पिकला गेला तेव्हा सतरा पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते, आणि २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आणलं. १९८६ च्या खजान सिंग यांच्या पदकानंतर भारताला जलतरणात चोवीस वर्षांनी मिळालेलं ते पदक. केरळचा साजन प्रकाश सप्टेंबरचा. ब्रिटनचा ॲडम पीटी, रिओ आणि टोकियो अशा लागोपाठ दोन ऑलिम्पिकांत १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सोनं जिंकणारा, तो चक्क २८ डिसेंबरचा! छान वाटतं ऐकायला. पण अशी चार नावं वेचून काही सिद्ध होत नाही. बंगळुरूचा श्रीहरी नटराज १६ जानेवारीचा आहे, त्याचं नावही मला याच यादीत घालता आलं असतं. पीटीवरून एवढंच कळतं की ३१ डिसेंबरच्या रेषेला अगदी चिकटून जन्मलेला माणूसही जगात पहिला येऊ शकतो.

आता आपल्याकडचं. आपल्याकडे ही गोष्ट महिन्यांवर थांबत नाही. शालेय स्पर्धांचे गट आहेत १४, १७ आणि १९ वर्षांखालील. १४ नंतर एकदम १७, म्हणजे मधल्या गटात तीन सालांची पोरं एकत्र. २०२५-२६ साठी १४ खालच्या गटाची रेषा होती १ जानेवारी २०१२, आणि १७ खालच्या गटाची १ जानेवारी २००९. माझा भाचा वसमतला असतो, जन्म डिसेंबर २०११ च्या शेवटच्या आठवड्यातला. आठवडाभर उशिरा जन्मला असता तर तो १४ खालच्या गटातला सगळ्यांत थोरला असता. प्रत्यक्षात तो १७ खालच्या गटातला सगळ्यांत धाकटा. शर्यतीच्या वेळी वय तेरा, ओठावर लव नाही, आणि शेजारच्या लेनमध्ये जानेवारी २००९ चा, दाढी करून आलेला गडी.

विभागीय स्पर्धेत १०० मीटर फ्रीस्टाइलला भाचा सातवा आला. त्यावर ताईचा फोन. "अरे, आठवड्यातून तीनदा नांदेडला न्यायचं, पेट्रोल जाळायचं, अन् पोरगं सातवं यायलंय. शाळेच्या मॅडम म्हणायल्यात की त्यापेक्षा क्लास लावा. तूच सांग त्याला आता, बस कर म्हणून." मी विचारलं, "त्याच्या पुढचे सहा कोणत्या सालचे होते?" ताई म्हणाली, "सालाचं काय घेऊन बसलास? घड्याळ खोटं बोलायलंय का?"

म्हणून परत पायथन उघडलं. तेच जग, तेच चार सेकंद, फक्त एका सालाऐवजी तीन सालांची पोरं एका गटात घातली आणि सर्वांत वेगवान १० टक्के निवडले. दर १०० निवडलेल्यांत थोरल्या सालचे ८२. मधल्या सालचे १६-१७. धाकट्या सालचे एक किंवा दोन. पुन्हा सांगतो, हे माझ्या सोप्या गृहीतांवरचं गणित आहे, खरी वाढ अशी सरळ रेषेत होत नाही, कुणी एका उन्हाळ्यात वीतभर वाढतं तर कुणी दोन वर्षं तसंच राहतं. पण दिशा कळायला ते पुरेसं आहे. मी ताईला स्क्रीनशॉट पाठवला. तिने अंगठा पाठवला. तिचा अंगठा म्हणजे 'बघू'.

याच आठवड्यात दुसरा एक सल्ला दाजींच्या कानावर आला. तलावावर ओळख झालेले एक गृहस्थ म्हणाले, "आठच दिवसांचा तर प्रश्न आहे, जन्मतारीख जानेवारीत करून घ्या की." हा सल्ला आपल्याकडे किती सहज दिला जातो! त्याचं मूळ जुनं आहे. १ जूनला फेसबुक उघडा, अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस असतो. माझ्या वडिलांचा १ जून, थोरल्या काकांचाही १ जून, दोघं सख्खे भाऊ आणि वयात तीन वर्षांचं अंतर. शाळा जूनमध्ये भरायची, पोराला हात धरून आणलं की गुरुजी अंदाजाने साल धरायचे आणि १ जून टाकून पहिलीत बसवायचे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, पण वाड्या-तांड्यांवर घरी झालेल्या बाळंतपणाची वर्दी द्यायला ग्रामपंचायतीत कोण जातंय? त्यात गुरुजींचा वाईट हेतू नव्हता. पण तारीख ही 'लावून घ्यायची' गोष्ट आहे, ही सवय तिथून आली. आता दवाखान्यातच जन्म होतात, नोंद लगेच होते, आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच दाखवायचा आहे. १ जूनची पिढी बहुधा आपल्या आईवडिलांबरोबर संपेल.

वयचोरी मात्र संपलेली नाही, कारण तिच्यामागे लोभ आहे. खेळाचे वाढीव गुण, नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण. दोन वर्षं खाली दाखवलेलं पोरगं लहान गटात आरामात जिंकतं. केंद्र सरकारने वयचोरीविरुद्ध २०१० साली राष्ट्रीय संहिता आणली. बीसीसीआय डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवते, त्या पद्धतीला टीडब्ल्यू-३ म्हणतात. गंमत म्हणजे हाड जन्मतारीख सांगत नाही, ते वाढ किती झालीय ते सांगतं. लवकर वयात आलेल्या प्रामाणिक पोराचं हाड थोरलं दिसू शकतं. दाजींना मी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, तो गुन्हा आहे आणि सापडला तर पोराचं नाव कायमचं खराब. दुसरी त्यांना जास्त लागली: तारीख बदलून तुम्ही भाच्याला आठ दिवसांनी लहान कराल, आणि त्याबरोबर एखाद्या खऱ्या २०१२ वाल्याला एक जागा खाली ढकलाल, तेही डिसेंबरचंच असलं तर? दाजी म्हणाले, "नको बाबा, सातवाच बरा."

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, हिंगोलीत कसली आलीय चाळणी? बरोबर आहे. हा परिणाम तिथे जोर धरतो जिथे जागा थोड्या आणि पोरं भरपूर. आपल्या जिल्ह्यात पोहणारी पोरं भरपूर आहेत, स्पर्धेत उतरणारी मोजकी. इथे पोहणं विहिरीत शिकतात. पाठीला वाळला भोपळा नाहीतर प्लॅस्टिकचा डबा बांधायचा, चुलत्याने वरून ढकलायचं, आणि दोन उन्हाळ्यांनी डबा सुटला की झालं शिक्षण. कयाधूला पाणी असेल तेव्हा कयाधू, नाहीतर कालवा. यातली काही पोरं दम आणि धाडस याबाबतीत शहरातल्या पोरांना मागे टाकतील. पण विहिरीत २५ मीटर सरळ अंतर नसतं, वळायला भिंत नसते, लेनची दोरी नसते. जिल्ह्यात तीन-चार जणच उतरले की भाच्यासारखं पोरगं सरळ विभागावर जातं, आणि चाळणी त्याला तिथे पहिल्यांदा भेटते, एकदम बारीक जाळीची. त्याच्या आईबापाला वाटतं, आपलं पोरगं शहरातल्यांपुढे टिकत नाही. शहराचा फायदा आहेच, तलाव आहे, रोजचा सराव आहे. पण त्यात वाढीचा वाटा किती, हे कुणी वेगळं काढून दाखवत नाही.

मुलींची गोष्ट इथे थांबून सांगायला हवी. त्यांच्यात महिन्यांचा परिणाम मुलांपेक्षा लवकर ओसरतो, कारण वाढ लवकर उरकते. म्हणजे उशिरा जन्मलेल्या मुलीला फक्त चौदा-पंधरापर्यंत कळ काढायची असते, पुढे मैदान सपाट. आणि आपल्याकडे नेमकं त्याच वयात तिचं पोहणं बंद होतं. पाळी सुरू झाली, पोशाखावरून कुणीतरी बोललं, कपडे बदलायला बंद खोली नाही, सोबत न्यायला-आणायला कुणी नाही. जन्ममहिन्याचा तोटा संपायच्या आधी तिला घरी बसवतात. माझ्या मते आपल्या भागात हा तोटा डिसेंबरपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि त्यावर पायथन चालवायची गरजही नाही.

मग करायचं काय? काही देशांनी रेषाच हलती ठेवलीय. अमेरिकेत वयोगट पोहण्यात स्पर्धेच्या पहिल्या दिवशी तुमचं वय किती, ते बघतात. त्यामुळे वर्षभरात प्रत्येक पोराला कधी ना कधी गटात थोरलं व्हायला मिळतं. पूर्ण इलाज हा नाही, कारण मोठी स्पर्धा दरवर्षी त्याच सुमाराला असली की पुन्हा तीच रेषा तयार होते. पण एका बाजूला कायमचं झुकणं कमी होतं. दुसरा मार्ग कॉबलींच्याच गटाने १०० मीटर फ्रीस्टाइलवर तपासला: वय वाढल्यावर वेळ सरासरी किती सुधारते ते आकड्यांवरून काढायचं आणि तेवढी सवलत धाकट्याला द्यायची. दुरुस्त वेळेवर क्रम लावला की जानेवारीचं पारडं जड राहत नाही. मला हे फार आवडलं, कारण यात तलाव बांधायचा नाही, एक्सेल पुरतं.

उदाहरण करू. समजा एखाद्या वयात वर्षाला सरासरी चार सेकंद सुधारतात, म्हणजे महिन्याला साधारण सेकंदाचा तिसरा हिस्सा. जानेवारीचा मुलगा ७५ सेकंदांत आला. त्याच सालचा नोव्हेंबरचा ७७.५ सेकंदांत. पदक पहिल्याला, बरोबरच आहे, शर्यत त्यानेच जिंकली. पण दहा महिन्यांचे ३.३ सेकंद वजा केले तर नोव्हेंबरवाला ७४.२ वर येतो. पुढच्या शिबिरात एकच जागा असेल तर मी तरी नोव्हेंबरवाल्याला विसरणार नाही. पदक घड्याळाने द्यावं. कुणाला शिकवायचं हे ठरवताना जन्मतारीख शेजारी ठेवावी. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपल्याकडे त्या एकाच यादीवरून ठरतात.

शिक्षक, प्रशिक्षक ऐकत असतील तर त्यांना एक छोटी विनंती: निकालाच्या तक्त्यात नावापुढे जन्माचा महिना आणि साल लिहा. बस, एवढंच. वाचणाऱ्याला आपोआप दिसेल.

आणि घरच्यांसाठी, मी भाच्यासाठी जे शीट बनवलंय ते सांगतो. पाच रकाने: तारीख, अंतर, वेळ, ५० मीटरमध्ये हात किती मारले, आणि उंची. उंची महिन्यातून एकदा, सकाळी, दाराच्या चौकटीला पेन्सिलने खूण करून. क्रमांकाचा रकाना मुद्दाम ठेवला नाही. वेळ कमी होतेय आणि उंची तेवढीच आहे, तर ते कौशल्य वाढतंय. हात कमी मारून तीच वेळ येतेय, तेही कौशल्य. उंची झपाट्याने वाढतेय आणि वेळ तिथेच अडकलीय, तर घाबरू नका, नवीन लांबीच्या हातापायांचा ताळमेळ बसायला वेळ लागतो. आमच्या शीटमध्ये गेल्या वर्षभरात वेळ सहा सेकंदांनी उतरलीय आणि चौकटीवरच्या खुणा अजून जवळजवळच आहेत. झपाटा यायचाय.

२०२७-२८ च्या शालेय स्पर्धांत १७ खालच्या गटात २०११, २०१२ आणि २०१३ ची पोरं असतील. म्हणजे भाचा पहिल्यांदाच थोरल्या सालात असेल. त्या सालातही तो डिसेंबरचाच, पण तेव्हा वय पंधरा-सोळा, आणि ऑस्ट्रेलियाच्या तक्त्यात फरक मिटतो तो तिथेच. ताईने नांदेडचा पुढच्या तीन महिन्यांचा पास काढलाय. क्लासही लावलाय, तेही खरं. आठवड्यातून तीनऐवजी दोनदा जायचं, असं तूर्तास ठरलंय.

शीटची रिकामी प्रत हवी असेल तर मेसेज करा, पाठवतो. तुमच्या घरात खरं पोहणारं पोरगं असेल तर त्याचा महिनाही कळवा. १ जून असेल तर मात्र आधी आजीला विचारून घ्या, त्या साली पाऊस पडून गेला होता की नाही.